बाटलीवरचं नाव

खिशात चुंबक घेऊन हिंडणारा एकच माणूस माझ्या पाहण्यात आहे, आणि माझं नशीब असं की तोच माझा पीएचडीचा मार्गदर्शक निघाला. चुंबक तरी केवढं, बोटाच्या पेराएवढं. पण बारामतीच्या बाजारात त्याची दहशत होती. सर भांड्यांच्या दुकानात शिरले की आधी खिशात हात घालायचे आणि डबा, तांब्या, पातेलं, जे समोर दिसेल त्याला चुंबक लावायचे. चिकटलं की स्टील हलकं. मग ते भांडं सरांना घ्यायचं असो की शेजारी उभ्या असलेल्या बाईला, सर मोठ्यानं निकाल देऊन मोकळे व्हायचे. भांडीवाले चाचा त्यांना लांबून येताना पाहिलं की गल्ल्यावरून उठूनच उभे राहत.

“सर, ते खिशातलं हितं गल्ल्यावर ठेवा, मग आत या. चहा पाजतो. पर आधी ते ठेवा.”

“चाचा, मी तुमच्या मालाची जाहिरातच करतोय की.”

“ह्या जाहिरातीनं सकाळपास्नं दोन गिऱ्हाइकं गेली माजी!”

एकदा आमच्या प्रयोगशाळेतल्या भिगवणच्या मुलाच्या बहिणीचं लग्न होतं. सर रुखवतापाशी रेंगाळले. एकेका भांड्याला चुंबक लावत ते पुढं सरकत होते आणि वरपक्षाची माणसं त्यांच्या मागं जमत होती. शेवटी सरांनी मान डोलावली आणि जाहीर केलं, “कळशी अस्सल हाय.” बाकीच्या भांड्यांबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत, पण व्हायचं ते त्या न बोलण्यानंच झालं. मुलीच्या वडिलांनी पुढं वर्षभर सरांना रामराम घातला नाही. सरांना त्याचं काही नव्हतं. ते आपले जेवणवाल्याकडून आइस्क्रीमच्या लाकडी चमच्यांचा एक न फोडलेला पुडा मागून घेऊन खुशीत घरी आले. आमची पूड उचलायला स्टीलचा चमचा चालत नसे, म्हणून हे लाकडी चमचे. प्लास्टिकचे विकत मिळतात, हे त्यांना कितीदा सांगितलं असेल. “मग लग्नाला जायचं तरी कशाला?” असं त्यांचं उत्तर.

सर नरसिंहपूरचे, नीरा आणि भीमा जिथं एकमेकींना मिळतात त्या गावचे. बारामतीच्या एका कॉलेजात ते भौतिकशास्त्र शिकवायचे. काटकुळा माणूस, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि बोलताना समोरच्याकडं न बघता त्याच्या हातांकडं बघायची सवय. आम्हा विद्यार्थ्यांना ते नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. मी कळसची, म्हणून मी “कळस”. “ए कळस, भट्टी बघ. भिगवण, अमोनिया संपला का सांडला?” दारावरून जाणाऱ्याला वाटावं, आत एसटी स्टँडवर गाड्या पुकारतायत.

आमचं काम होतं कोबाल्ट फेराइटचं. कोबाल्ट आणि लोखंड ऑक्सिजनबरोबर एकत्र बांधले की ही काळी पूड होते. तिचे कण डोळ्यांनीच काय, साध्या सूक्ष्मदर्शकानंही दिसणार नाहीत इतके बारीक करायचे. असे कण शरीरातल्या गाठीत सोडले आणि बाहेरून वेगानं उलटसुलट होणारं चुंबकीय क्षेत्र लावलं, तर ते आतल्या आत गरम होतात. गाठ शेकून मरते, भोवतालचं अंग बचावतं. हे ऐकायला सोपं आहे. त्यातला कोबाल्ट विषारी, म्हणून प्रत्येक कणाला वरून शरीराला सोसणारं आवरण चढवायचं, हे मात्र अवघड. आमच्या कामाचं मोठेपण मी कुणाला सांगायला लागले की सर मला थांबवायचे. “आपण औषध करत न्हाय, कळस. औषधाच्या गावाला जो रस्ता जातो, त्यावर एक पाटी खडी टाकतोय. पर खडी चांगली टाकायची.”

पहिल्या दिवशी मी नवीकोरी वही आणि चार रंगांची पेनं घेऊन गेले होते. सरांनी वहीकडं पाहिलंसुद्धा नाही. “बस मागं,” म्हणाले, आणि स्कूटरवरून मला घेऊन गेले ते थेट इंदापूर रस्त्याच्या एका गुऱ्हाळावर. तिथं काहिलीपाशी त्यांनी मला चांगलं दोन तास उभं केलं. गूळ करणारा गुळव्या उकळता रस ढवळत होता, वाफेनं माझा चष्मा पांढरा झाला होता.

“ह्यांना इचार, पाक कवा उतरवायचा,” सर म्हणाले.

गुळव्या हसला. “इचारून कळतंय व्हय? बुडबुडं बघायचं, वास घ्यायचा. घाई केली तर गूळ बसत न्हाय, उशीर केला तर जळतंय.”

“झालं,” सर म्हणाले. “पैला धडा संपला.”

मी शेतकऱ्याची पोर. गुऱ्हाळ बघायला मी पीएचडी करते आहे का, असं मनात आलं आणि घरी जाऊन आक्काला तसं बोललेही. आक्का म्हणजे माझी आई. चार महिन्यांनी मात्र माझं तोंड बंद झालं. कोबाल्ट आणि लोखंडाचे क्षार सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात विरघळवून मंद आचेवर ठेवले की ते हळूहळू काकवीसारखं दाट होतं. मग फुगतं, आणि एका क्षणी बुडातून आपणहून पेट घेतं. ठिणग्या उडतात, आणि चंचुपात्रातून काळी, कापसासारखी हलकी राख उसळून बाहेर येते. आच एवढीशी चुकली की सगळं वाया. तो क्षण मी पहिल्यांदा साधला तेव्हा टाळी वाजवली. सरांनीही वाजवली. ते दर वेळी वाजवायचे, इतक्या वर्षांनंतरही.

आवरणासाठी आम्ही डेक्स्ट्रान वापरायचो. तोडलेला ऊस शिळा झाला की त्यात हाच चिकट पदार्थ होतो आणि साखर कारखान्याची माणसं कपाळाला हात लावतात. औषधासाठीचा शुद्ध डेक्स्ट्रान अर्थात बाहेरून यायचा. पण कारखान्याचा वैरी आपला सोयरा निघाला, या गोष्टीचा सरांना एवढा आनंद होता की येईल त्या पाहुण्याला ते ती सांगत.

आता बाटल्यांचं सांगते.

इतर प्रयोगशाळांत नमुन्याच्या बाटलीवर क्रमांक असतो. आमच्याकडं क्रमांकाखाली माणसाचं नाव लिहावं लागे. ही पूड ज्याच्या अंगात जाताना तुमचा जीव खालीवर होईल, अशा कुणा खऱ्या माणसाचं. याबाबतीत सर कुणाचं ऐकून घेत नसत. भिगवणनं एकदा त्याला शाळेत बडवून काढणाऱ्या गणिताच्या मास्तरांचं नाव लिहिलं. सरांनी चिकटपट्टी नखानं खरवडून काढली. “तू ह्यात काळजी घेणार न्हाईस. दुसरं लिही.” मग त्यानं एका नटीचं लिहिलं. “ती संक्रांतीला चहाला येणार हाय का?” सरांनी विचारलं. कारण दर वर्षी संक्रांतीनंतरच्या रविवारी सर या नावाच्या माणसांना प्रयोगशाळेत बोलवायचे, तिळगूळ द्यायचे, चहा पाजायचे आणि त्यांच्या नावाची बाटली त्यांच्या हातात ठेवून आत काय आहे ते समजावून सांगायचे. शेवटी भिगवणनं त्याच्या आजोबांचं नाव लिहिलं. मी पहिल्यापासून आक्काचं लिहीत होते.

स्वतःचं नाव लिहायला बंदी होती. “आपल्या अंगाशी माणूस निष्काळजी असतोय.” आणि सरांचं नाव लिहायलाही बंदी. दर वर्षी कुणीतरी नवखं पोर गुरुभक्तीच्या भरात ते लिहायचंच. सर ते शांतपणे खरवडून काढायचे. “न्हाय बाबा. माजा अजून तेवढा भरवसा न्हाय.” मस्करीत म्हणायचे, पण नाव काढायचेच. त्यांच्या इतक्या वर्षांत त्या कपाटात त्यांच्या नावाची एकही बाटली नव्हती.

माझ्या शेवटच्या वर्षाची गोष्ट. जून अखेरीला माझी मुदत संपत होती, तीही वाढवून घेतलेली. तोवर प्रबंध दिला नाही तर नोंदणी रद्द, पाच वर्षं पाण्यात. आणि सर मे अखेरीला निवृत्त होणार होते. दिवाळीच्या सुट्टीत कॉलेज बंद असताना पुण्याहून निरोप आला, चुंबकत्व मोजायच्या यंत्रावर तुमचा नंबर आठवडाभर अलीकडं आलाय, सोमवारी नमुना हवा. माझी पूड भट्टीतून निघाली होती, पण खलायची राहिली होती, आणि मी ती बरोबर घेऊन कळसला घरी आले होते. पूड खलायला आमच्याकडं अकीक दगडाचा खल असतो. तो इतका कठीण की त्याचा कणही पुडीत उतरत नाही. तो होता बारामतीत, कुलपात.

घरी आक्काचा लोखंडी खल होता. सुंठ, वेलदोडे कुटायचा.

मी तो धुतला, गरम केला, पुसला. मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणू शकले असते, पण ते खोटं ठरेल. मला ठाऊक होतं. मी मनाला सांगितलं, एवढ्यानं काय होतंय. दुपारभर खलून माझे हात भरून आले तेव्हा आक्का शेजारी येऊन बसली. “सरक तिकडं. तुज्याच्यानं न्हाय व्हायचं,” म्हणाली, आणि उरलेली पूड तिनं घोटून दिली. अंगणात बसून, मोठ्या मायेनं.

पुण्याहून आलेख आला तो बघून मी खुर्चीतून उठलेच. चुंबकत्व एवढं चढलं होतं की या पदार्थाच्या अख्ख्या ढेकळालाही ते जमत नाही, मग बारीक कणांना तर नाहीच नाही. पाहता पाहता माझ्या डोक्यात पेपर, परिषद, टाळ्या सगळं येऊन गेलं. सरांनी आलेख बराच वेळ डोळ्यांसमोर धरला. आलेखातल्या रेषेच्या फुगीर वेटोळ्यावर मधोमध बोट ठेवलं.

“हिची कंबर बारीक झालीय, कळस. दोन जातींचं चुंबक एकत्र असलं की असं होतंय. पूड नेहमीसारखीच केलीस ना?”

“हो सर.”

त्यांनी पहिल्यांदाच माझ्या हातांकडं न बघता तोंडाकडं बघितलं. मग म्हणाले, “बरं.” त्यांनी विश्वास ठेवला. मी पेपर लिहिला, पुण्याच्या परिषदेनं तो घेतला, आणि मी घरी पेढे वाटले.

त्या संक्रांतीनंतरच्या रविवारी आक्का आली, नवं लुगडं नेसून, तिळाच्या वड्यांचा डबा घेऊन. सरांनी तिच्या नावाची बाटली तिच्या हातात दिली आणि गाठीचं सगळं समजावून सांगितलं.

“म्हंजे कापडात गरम वीट गुंडाळून शेकतो, तसं?” आक्कानं विचारलं.

“बरुबर. फकस्त वीट आत आन् कापडबी आत.”

सर भलतेच खूश झाले. मग एकेक वस्तू दाखवत ते अकीकाच्या खलापाशी आले. तो वाटीएवढा खल बघून आक्काला हसू आलं.

“एवढ्याशात काय घोटनार? त्यापरीस दिवाळीत आमच्या खलात कसं ब्येस बारीक झालं! लोखंडाचा हाय, आमच्या सासूबाईंचा. मीच घोटली की तुमची पूड.”

भिगवण छताकडं बघायला लागला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सरांनी आक्कालाच विचारलं, “आक्का, डाळिंबाच्या फवाऱ्याला मोरचूद-चुन्याचं बोर्डो करता न्हवं? त्यात इळा कशापाय बुडवून बघता?”

“मोरचूद जास्ती झाला तर इळ्यावर तांबडं चढतंय. मग अजून चुना घालायचा.”

“तांबडं कशावर चढतंय?”

“लोखंडावर.”

“मग आज आपण पूड बुडवून बघू.”

सरांनी मोरचुदाचं, म्हणजे तांब्याच्या क्षाराचं, निळं पाणी केलं, किंचित कोमट केलं, आणि त्या बाटलीतली चिमूटभर पूड त्यात सोडली. चंचुपात्र आक्काच्या हातात दिलं, भिंग दिलं. आक्का ते पाणी हलवत राहिली, जसं ती वर्षानुवर्षं बादलीत हलवते. थोड्या वेळानं काळ्या पुडीत लालसर ठिपके चमकायला लागले. ते मला भिंगाशिवायही दिसले.

“तांबं चढलं,” आक्का म्हणाली. मग थांबून, “म्हंजे माज्या खलाचं लोखंड ह्यात गेलं?”

“व्हय.”

“आन् ही पूड माज्याच नावाची न्हवं?”

आक्कानं भिंग टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर सोसलं असतं. तिनं नुसतं बघितलं.

त्या रात्री मी आक्काशी भांडले, तिनं तोंड उघडलं म्हणून. सरांवर चिडले, चारचौघांत तमाशा केला म्हणून. खरं तर मी ज्याच्यावर चिडायला हवं होतं तो माणूस आरशात होता, पण तेवढं शहाणपण यायला दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सरांनी मला शेजारी बसवून परिषदेला पत्र लिहिलं. मी वाचत होते. त्यात माझं नाव नव्हतं. “नमुना तयार करताना माझ्या प्रयोगशाळेत चूक झाली आहे, ती माझ्या नजरेतून सुटली, पेपर मागे घेत आहे,” एवढंच होतं. खाली त्यांची सही. निवृत्तीला चार महिने राहिलेल्या माणसाची ती शेवटची परिषद होती.

“सर, चूक माझी होती.”

“ते तुला म्हाईत हाय, मला म्हाईत हाय. त्यांना पूड चुकीची होती एवढं कळलं म्हंजे बास. आता गॅस पेटव.”

चुंबकत्वाचा सगळा भाग नव्यानं करायचा होता, आणि त्यावर उभा असलेला, ही पूड जिवंत पेशींना सोसते का ते बघायचा भागही. पुण्याला यंत्राचा आणि पेशींच्या चाचणीचा पुढचा नंबर मिळाला तो जूनच्या मध्यावर. तो चुकला तर त्यानंतरचा नंबर माझ्या मुदतीच्या पलीकडं होता. मी पुन्हा पाक धरायला लागले. कधी जळला, कधी बसलाच नाही.

मे संपला. सरांना शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, भाषणं झाली, त्यांची खोली दुसऱ्याला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर सर घरून एक उशी घेऊन प्रयोगशाळेतल्या स्टुलावर बसलेले. “रिटायर नोकरीतनं झालोय,” म्हणाले, आणि भट्टीचं तापमान विचारलं. त्यांच्यासाठी नवे प्राध्यापक रोज दोनदा उठून उभे राहायचे आणि रोज दोनदा सर त्यांना बसवायचे.

जूनच्या पहिल्या दिवशी पूड तयार झाली. अकीकात खललेली, डेक्स्ट्रान चढवलेली, वाळलेली. पाठवायला अजून चौदा दिवस होते, म्हणजे मी चक्क वेळेच्या पुढं होते. बाटली बंद केली, आक्काचं नाव लिहिलं, आणि भांडी विसळताना मला आठवलं. चार दिवसांमागं भट्टीतल्या पात्राच्या तळाला थोडी पूड चिकटून बसली होती. लाकडी चमचा मोडला, आणि मी टेबलावरची स्टीलची सुरी घेऊन ती खरवडली होती. दोनदा, फार तर तीनदा. हाताच्या सवयीनं, घरी दुधाची खरवड काढतो तशी.

तेव्हाही प्रयोगशाळेत कुणी नव्हतं आणि आताही नव्हतं. सर चहाला गेले होते. यावेळी मोरचुदालाही काही सापडलं नसतं, एवढं ते किरकोळ होतं. कदाचित त्यात काही उतरलंही नसेल. मी बाटली हातात घेऊन उभी राहिले. पाच वर्षं, आणि सुरीचे तीन ओरखडे. मला एवढा वैताग आला की मी एकटीच मोठ्यानं बोलले, “आक्काला काय कळणार आहे!” आणि बोलल्यावर मला माझीच शिसारी आली.

सर आले तेव्हा मी बाटली त्यांच्यापुढं ठेवली.

“सर, ही सुरीनं खरवडलीय. थोडीच. पण खरवडलीय.”

सरांनी बाटली उचलली, उजेडात धरली, खाली ठेवली. “कुणी बघितलं?”

“कुणीच नाही.”

ते बराच वेळ माझ्या हातांकडं बघत बसले. मग म्हणाले, “नवी करायला किती दिवस लागतील?”

“बारा.”

“हायत चौदा. उगं दोन दिवस जास्तीच हायत.”

मी रडत रडत हसले. ती पूड आम्ही टाकाऊच्या बरणीत टाकली, आणि मी कोबाल्टचं वजन करायला घेतलं. त्या बारा दिवसांत सर स्टुलावरून फार बोलले नाहीत. पाकानं पेट घेतला तेव्हा मात्र टाळी वाजवली.

पुढचं लवकर सांगून टाकते. पुण्याच्या चाचणीत त्या पुडीसोबत ठेवलेल्या पेशी जगल्या. चुंबकत्व बेताचंच होतं, पण जसं असायला हवं तसं, आणि आलेखाची कंबर कुठंही बारीक नव्हती. प्रबंध मुदतीच्या आत गेला. मी आता इंदापुरात शिकवते. आमची खडी रस्त्यावर पडली, त्यापुढची आता दुसरी माणसं टाकतायत. कोबाल्टवर अजून काय काय शंका आहेत त्या त्यांना सोडवायच्या आहेत, आणि ती सोडवतील असं मला वाटतं. सर आजही बाजारात भेटतात. चाचांच्या दुकानात नवीन फलक लागलाय, “चुंबक लावून माल घ्या.” सरांचा कंटाळा करता करता त्यांनी त्याचाच धंदा केला.

पण मला सांगायचंय ते बाराव्या दिवसाचं. पूड बाटलीत भरली. नवी चिकटपट्टी लावली, क्रमांक घातला, खाली आक्काचं नाव लिहिलं. पेनाचं टोपण लावणार तेवढ्यात सरांनी हात पुढं केला. मला वाटलं काही चुकलं, आता खरवडणार. त्यांनी पेन घेतलं, बाटली गुडघ्यावर टेकवली, आणि आक्काच्या नावाखाली, कुणालाही न लागणाऱ्या त्यांच्या त्या अक्षरात, स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. वडिलांच्या नावासकट. मग बाटली माझ्या हातात दिली, उशी काखेत मारली आणि म्हणाले, “चल, पाच वाजले.” आणि गेले.

मी तिथूनच आक्काला फोन लावला. सरांनी तुझ्या नावाखाली त्यांचं नाव लिहिलं, एवढंच कसंबसं सांगितलं.

आक्का घाबरली. “का गं बाई? त्यांना काय झालंय? गाठबीठ निघाली का काय?”

“नाही गं. काही झालं नाही त्यांना. ठणठणीत आहेत.”

“मग नाव का लिवलं?”

“या पुडीवर त्यांचा भरवसा बसला म्हणून.”

मग आक्का म्हणाली, “आन् ह्यावेळी कशात घोटलीस?”

“दगडात, आक्का.”

“मग असू दे माजंबी नाव,” ती म्हणाली. “पुसू नगं.”